चिकुनगुन्याचा ताप उतरला, धरलेल्या सांध्यांचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरत आला की सांगली-साताऱ्याच्या गावागावांत चिकुनगुन्याचे रुग्ण दिसू लागतात. बातम्या येतात त्या तापाच्या आणि फवारणीच्या. ताप आठवडाभरात उतरतो, त्यानंतर मात्र सकाळी मूठ वळत नाही, टाच जमिनीला टेकवत नाही, भरलेली कळशी उचलवत नाही. घरचे म्हणतात, ताप गेला, आता कसलं दुखणं? विशेषतः बायकांच्या वाट्याला हे फार येतं. म्हणून हे पत्र.

आफ्रिकेतल्या मकोंडे भाषेत ‘चिकुनगुन्या’ म्हणजे दुखण्यानं वाकवून टाकणारा. आपल्या भागाला तो नवा नाही. १९७३ साली शेजारच्या बार्शीत त्याची साथ येऊन गेली होती. विषाणू रक्तातून साधारण आठवड्यात हटतो. पण चेतवलेली प्रतिकारशक्ती शांत व्हायला वेळ घेते आणि मनगट, बोटं, घोटे इथल्या सांध्यांच्या अस्तरांना सूज राहते. बहुतेकांचं दुखणं काही आठवड्यांत ओसरतं. चाळिशी ओलांडलेले, मधुमेही, आधीच सांधेदुखी असलेले किंवा तापात फार सुजलेले, यांचं ते तीन महिन्यांच्या पुढे, कधी वर्षभरही रेंगाळू शकतं.

सगळ्यात जास्त नुकसान उपचारांच्या घाईनं होतं. पहिल्या दिवसांत डेंगी नाही याची खात्री होईपर्यंत फक्त पॅरासिटामॉल घ्यावं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन या गोळ्या डेंगीत रक्तस्रावाचा धोका वाढवतात. पॅरासिटामॉलही मोठ्या माणसानं ५०० मिलिग्रॅमची गोळी सहा-सहा तासांच्या अंतरानं घ्यावी. सर्दीच्या तयार गोळीत तेच औषध असतं, दोन्ही एकदम घेतल्या की मात्रा नकळत दुप्पट होते.

दुसरी घाई इंजेक्शनची. ‘एका सुईत चालायला लागाल’ असं सांगून दिलेल्या सुईत बहुधा स्टिरॉइड असतं. दोन दिवस खरंच बरं वाटतं, मग असर उतरतो आणि दुखणं दुप्पट जोरानं परततं. मधुमेह्याची साखर भडकते ती वेगळीच. लेबल नसलेल्या पुड्यांमध्येही स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं, त्यामुळे पुडीवर नाव आणि घटक छापलेले नसतील तर ती घेऊ नये. अशा पुड्या महिनोन्महिने चालू असतील तर एकदम बंदही करू नयेत; डॉक्टरांच्या देखरेखीत उतरवत न्याव्या लागतात, नाहीतर रक्तदाब घसरून माणूस कोसळू शकतो.

तीन महिने उलटूनही सूज आणि सकाळचा अर्ध्या तासाहून जास्त आखडलेपणा असेल, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवावं. ते इएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर, अँटी-सीसीपी या रक्ताच्या तपासण्या करून चिकुनगुन्यानंतरचं दुखणं आणि आमवात वेगळे करतात. चिकुनगुन्याची आयजीएम चाचणी (विषाणूविरुद्ध शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं शोधणारी रक्तचाचणी) पुन्हा करून घेण्यात पैसे घालवू नयेत. ती काही महिने पॉझिटिव्ह येतच राहते आणि त्याचा अर्थ नवी लागण नव्हे. काहींना मेथोट्रेक्सेट हे चेतवलेली प्रतिकारशक्ती आवरणारं औषध देतात. ही गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी घ्यायची असते. चुकून रोज घेतल्यास रक्तपेशी धोकादायक पातळीपर्यंत घटतात. म्हणून वार पाकिटावर ठळक लिहून घ्या. गरोदरपणात ती चालत नाही, आणि सुरू असताना रक्ताची आणि यकृताची तपासणी अधूनमधून करावीच लागते.

औषधाइतकाच वाटा हालचालीचा आहे. नुसतं पडून राहिलं की सांधे आणखी आखडतात. सकाळी कोमट पाण्यात हात-पाय दहा मिनिटं बुडवावेत (मधुमेह्यानं पाणी कोपरानं तपासावं, बोटांना चटका कळत नाही). मग पाण्यातच सावकाश मूठ वळून पाच मोजावेत, बोटं पूर्ण ताणावीत, असं दहा वेळा. घोटे दोन्ही दिशांना दहा-दहा वेळा फिरवावेत. व्यायामानंतर ठणका दोन तासांहून जास्त टिकला, तर दुसऱ्या दिवशी निम्माच करा. लाल, गरम सांध्याला शेक देऊ नये, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं लावावा.

काम सोडणं परवडत नाही, तर कामाची रीत बदलावी. खुरप्याच्या मुठीला जुनी सायकल ट्यूब गुंडाळून ती जाड केली की बोटांवरचा ताण कमी होतो. भांगलताना उकिडवं बसण्याऐवजी लहान पाट घ्यावा. घागर निम्मी भरावी, दोन खेपा कराव्यात. धार काढताना अंगठा मुडपू नये, पूर्ण मुठीनं काढावी. शक्य असेल तितके दिवस घरातल्या दुसऱ्या कोणी काढावी. ऊसतोडीला पहिला आठवडा निम्मा दिवसच जावं.

रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येत असतील, तर मनगटातली नस सूजेनं दाबली गेलेली असते. वेळेत मनगटपट्टी मिळाली तर बहुधा शस्त्रक्रिया टळते. केस गळू लागले तर घाबरू नका, तापानंतर दोन-तीन महिन्यांनी गळतात आणि सहसा पुन्हा येतात. काळी शौच, एकच सांधा सुजून नव्यानं ताप, लघवी कमी होणं किंवा पायांतली ताकद जाणं, यांपैकी काहीही झालं तर थांबू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा.

आरोग्य विभागाकडे आमची मागणी छोटी आहे. साथीत नोंदलेल्या प्रत्येक रुग्णाची तापानंतर सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात आशाताईंमार्फत विचारपूस व्हावी. त्यांनी तीनच प्रश्न विचारावेत: मूठ वळते का, सकाळी किती वेळ आखडतं, कोणत्या गोळ्या-सुया चालू आहेत. ज्यांना गरज आहे त्यांच्यासाठी ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट बसावा. तासगाव-जतकडच्या रुग्णाला दर आठवड्याला मिरजेला येणं गाडीभाडं आणि एक रोजंदारी बुडवून करावं लागतं, आणि त्यापायीच तो गावातल्या सुईकडे वळतो.

आपले,
वैद्यकीय आणि फिजिओथेरपी क्षेत्रातील दोन वाचक,
तासगाव, जि. सांगली