उडत्या बॉम्बचा पाठलाग आणि सिम्युलेटरमधील त्याचे चित्र

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धातील व्ही-१ या जर्मन उडत्या बॉम्बविषयी, म्हणजे स्फोटके भरलेल्या वैमानिकरहित विमानाविषयी, मराठीत जेव्हा लिहिले जाते, तेव्हा एक प्रसंग हमखास येतो. ब्रिटिश हवाई दलातील वैमानिक आपल्या विमानाचा पंख व्ही-१ च्या पंखाखाली नेतो, वर उचलतो आणि बॉम्ब उलथून खाली कोसळतो. प्रसंग खरा आहे. ऑस्ट्रेलियन वैमानिक केन कॉलियर यांनी २३ जून १९४४ रोजी दारूगोळा संपल्यावर स्पिटफायर या लढाऊ विमानाने हे केले, तर ४ ऑगस्ट रोजी डीन या वैमानिकाने तोफा अडकल्यावर मिटिऑर या जेट विमानाने तेच केले. मात्र दोघांनाही तो मार्ग तोफा निरुपयोगी झाल्यामुळे पत्करावा लागला, हे सांगायचे राहून जाते. लढाऊ विमानांनी पाडलेले बहुतेक बॉम्ब तोफांच्या माऱ्यानेच पडले. गेली काही वर्षे मी घरच्या संगणकावरील फ्लाइट सिम्युलेटरमध्ये हा पाठलाग पुन्हा पुन्हा करून पाहत आहे आणि त्यातून या कामातील खरी अडचण कोणती होती, हे मला उमजत गेले. म्हणून हे पत्र.

अडचण होती ती वेळेची. उत्तर फ्रान्समधील तिरप्या रॅम्पवरून सुटलेला व्ही-१ वीस-बावीस मिनिटांत लंडन गाठत असे आणि त्यातील इंग्लंडच्या भूमीवरचा प्रवास जेमतेम दहा मिनिटांचा असे. बॉम्बचा वेग ताशी ६०० किलोमीटर आणि पाठलाग करणाऱ्या टेम्पेस्ट या ब्रिटिश लढाऊ विमानाचा वेग त्याहून ५० किलोमीटरने जास्त धरला, तर मधले १ किलोमीटर अंतर भरून काढायला ७२ सेकंद लागतात आणि तेवढ्यात बॉम्ब १२ किलोमीटर पुढे गेलेला असतो. जो वैमानिक ३ किलोमीटर मागे पडला, त्याच्या हाती बॉम्ब लागेपर्यंत ३६ किलोमीटरचा प्रदेश मागे सरलेला असतो. हे गणित मी कागदावर मांडले होते, पण त्याचा अर्थ कळला तो सिम्युलेटरमध्ये, थ्रॉटल शेवटपर्यंत ढकलूनही समोरचा ठिपका मोठा होईना तेव्हा. इंजिनांना जास्त शक्ती देणारे १५० ऑक्टेनचे इंधन का दिले गेले, काही विमानांचा रंग काढून पृष्ठभाग घासून गुळगुळीत का केला गेला आणि वैमानिक बॉम्बच्या वाटेपेक्षा बरेच उंच घिरट्या घालत का थांबत, याचे उत्तर त्या एका अनुभवात मिळते. उंचीवरून सूर मारला तरच हवा तो जास्तीचा वेग मिळतो, आणि तोही थोडाच काळ टिकतो.

मागे पोहोचल्यावर दुसरा प्रश्न उभा राहतो. व्ही-१ च्या पंखांचा विस्तार सुमारे साडेपाच मीटर, म्हणजे टेम्पेस्टच्या निम्म्याहूनही कमी. त्यामुळे दुरून मारा करावा तर नेम चुकतो. जवळ जावे तर बॉम्बच्या पुढच्या भागात सुमारे ८५० किलो स्फोटके आहेत. अडीचशे मीटरवरून मारा यशस्वी झाला, तर वळायला उसंतच नसते आणि दीड सेकंदात वैमानिक त्या आगीच्या लोळातून आरपार जातो. आग्नेय इंग्लंडमधील केंट परगण्यातल्या न्यूचर्च येथील टेम्पेस्ट विमानांच्या तुकडीचे (विंगचे) प्रमुख रोलंड बीमॉन्ट यांनी चारही २० मिलिमीटर तोफांचा मारा ३०० यार्डांवरील एका बिंदूत जुळवून घेतला होता. सिम्युलेटरमध्ये हे अंतर बदलता येते आणि ज्यांना या विषयात रस आहे त्यांनी ते बदलून पाहावेच.

रात्री बॉम्बच्या पल्स जेट इंजिनाची ज्वाला लांबूनच दिसे, पण एकट्या उजेडावरून अंतराचा अंदाज येत नाही. त्यावर सर टॉमस मर्टन या शास्त्रज्ञांनी एक अगदी साधे उपकरण सुचवले, ज्यात ज्वालेच्या दोन प्रतिमा दिसत आणि मारा करण्याच्या योग्य अंतरावर त्या एकमेकींवर येत. सपाट पडद्यासमोर बसणाऱ्या आमच्यासारख्यांना हीच अडचण दिवसाही येते, त्यामुळे या कल्पनेचे मला फार कौतुक वाटते.

माझी तक्रार आहे ती सिम्युलेटरसाठी तयार केल्या जाणाऱ्या मोहिमांविषयी. मी उडवलेल्या बहुतेक मोहिमांत सारे बॉम्ब एकाच वेगाने आणि एकाच उंचीवरून येतात, प्रत्येकाच्या डोक्यावर अंतर दाखवणारी चिठ्ठी तरंगते आणि बॉम्ब कुठेही पडला तरी गुण मिळतात. प्रत्यक्षात बॉम्बगणिक वेग आणि उंची बदलत असे, आणि वैमानिकाला रडार नियंत्रकाचा रेडिओवरचा आवाज किंवा जमिनीवरच्या निरीक्षकांनी दिशा दाखवण्यासाठी सोडलेले अग्निबाण यांच्या आधारे शोध घ्यावा लागे. मला सर्वांत जास्त खटकते ती गुणांची रीत. जमिनीवर पाडलेला बॉम्ब अनेकदा खाली आदळून फुटत असे. पंखाने उलथवलेल्या बॉम्बचेही तेच. लंडन वाचवताना केंट आणि ससेक्समधील गावांनी ते झेलले. या बॉम्बच्या माऱ्यात ब्रिटनमध्ये ६ हजारांहून अधिक माणसे मेली, हे आठवले की खाली काय आहे ते न पाहता तोफा डागणे मला जमत नाही.

जुलै १९४४ च्या मध्यास ब्रिटनच्या हवाई संरक्षणाचे प्रमुख एअर मार्शल रॉडरिक हिल यांनी विमानवेधी तोफा किनाऱ्यावर हलवल्या आणि लढाऊ विमानांना तोफांच्या पुढे समुद्रावर व मागे जमिनीवर असे दोन विभाग नेमून दिले. हिल स्वतः या पाठलागात उड्डाण करत असत. सुरुवातीला विमानांनी पाडलेल्या बॉम्बची संख्या घटली. पण रडारने साधलेला नेम आणि लक्ष्याजवळ आपोआप फुटणारे गोळे यांमुळे तोफांचे यश इतके वाढले की २८ ऑगस्ट रोजी आलेल्या शंभराच्या जवळपास बॉम्बपैकी ४ च लंडनपर्यंत पोहोचले. मोहिमा लिहिणाऱ्यांनी हे विभाग नकाशावर आणावेत, तोफांच्या पट्ट्यात शिरणाऱ्या विमानाला धोका ठेवावा आणि समुद्रात पाडलेल्या बॉम्बला गावावर पडलेल्या बॉम्बपेक्षा वेगळे मोजावे.

आपल्या पुरवणीत या विषयावर लेख घेतल्यास त्यासोबत किनाऱ्यावरील तोफांचा पट्टा, लढाऊ विमानांचे दोन्ही विभाग आणि लंडनच्या अलीकडची, बॉम्ब अडवण्यासाठी तारांनी बांधून हवेत सोडलेल्या बलूनची रांग दाखवणारा नकाशा छापावा, अशी विनंती करतो.

आपला,
एक नियमित वाचक