आधी सांगा, आम्ही तुमचे कोण?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवडणूक आली की तुमच्या पेपरात सगळ्या पक्षांच्या जाहीरनाम्यांचा तक्ता येतो, कोण काय देणार, कुणाचा आकडा मोठा. मी तो दर वेळी नीट वाचतो, पण माणूस बऱ्याचदा ज्याच्यावर मत देतो ती गोष्ट, म्हणजे पक्ष कुठली मूल्यं मानतो आणि कुणाच्या बाजूने आहे, त्या तक्त्यात कधीच नसते असं मला वाटतं, म्हणून हे पत्र.

मी एका पक्षासाठी (नाव सांगत नाही, गरजही नाही) दोन निवडणुका घरोघरी फिरलोय. पहिल्या वेळी हातात आठ पानी पत्रक होतं. शिक्षण, आरोग्य, पेन्शन, रस्ते, प्रत्येकाखाली मुद्दे आणि मुद्द्यांखाली आकडे, मला सगळं तोंडपाठ. एका घरी एक आजी दारातच उभ्या राहिल्या, मी पेन्शनपासून सुरू झालो आणि चार-पाच मिनिटं न थांबता बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पत्रकाच्या चार घड्या घातल्या आणि म्हणाल्या, "बाळा, हे चांगलंच आहे रे. पण पाच वर्षांत तुमच्यातलं कुणी फिरकलं नाही. आम्ही तुमचे कोण लागतो ते सांग ना आधी." मला उत्तर देता आलं नाही. आठ पानांत ते कुठेच नव्हतं.

मूल्यांवर बोला असं म्हटलं की पक्षातल्या लोकांना वाटतं भाषणात मोठे मोठे शब्द घालायचे. तसं नाहीये. राबणाऱ्याला त्याच्या कष्टाचं मिळावं, दिलेला शब्द पाळावा, म्हातारपणी कुणापुढे हात पसरायची वेळ येऊ नये, आपल्या माणसाला वाऱ्यावर सोडू नये, ही मूल्यं, आणि ती लोकांकडे आधीपासून असतात, पक्षाने शिकवायची नसतात. आता पेन्शनचंच घ्या. "आम्ही पेन्शन इतकी वाढवू" असं म्हटलं की तो सौदा झाला, उद्या दुसरा कुणी त्याहून जास्त बोली लावतो आणि तुमचं संपलं. तेच "ज्यांनी चाळीस वर्षं राबून घर आणि देश दोन्ही उभं केलं त्यांना औषधासाठी मुलाकडे मागायला लागू नये, म्हणून पेन्शन वाढवू" असं म्हटलं तर योजना तीच राहते, पण तुम्ही कुणाच्या बाजूने आहात ते ऐकणाऱ्याला कळतं.

१९७१ चं उदाहरण तर घरातल्या मोठ्यांनी सगळ्यांनाच सांगितलेलं असतं. विरोधक म्हणत होते इंदिरा हटाओ, त्या म्हणाल्या गरिबी हटाओ, आणि ३५२ जागा आल्या. गरिबी किती हटली यावर भांडा हवं तर, मीही भांडेन, पण त्या दोन शब्दांत योजना एकही नव्हती, बाजू होती. उलट २००४ ला भाजपच्या 'इंडिया शायनिंग'ची जाहिरात जोरात होती, वाढीचे आकडे काही खोटे नव्हते, पण ज्याच्या घरात ती चमक पोचली नव्हती त्याला वाटलं हे माझ्याबद्दल बोलतच नाहीयेत. समोरच्यांनी फक्त विचारलं, आम आदमीला काय मिळालं? भाजप १८२ वरून १३८ वर आला.

सगळ्यात जास्त शिकण्यासारखं उदाहरण मला अमेरिकेतल्या मेन राज्याचं वाटतं. २००९ ला तिथे समलिंगी विवाहाच्या बाजूचे लोक सार्वमतात हरले. नंतर देशभरातल्या अशा मोहिमांच्या अभ्यासातून एक गोष्ट पुढे आली. तुम्ही लग्न का केलंत असं विचारलं तर लोक प्रेम आणि साथ म्हणायचे, आणि समलिंगी जोडप्यांना लग्न कशाला हवंय विचारलं तर हक्क आणि फायदे म्हणायचे, कारण प्रचारात तेच ऐकलेलं. मग कार्यकर्ते दारोदार जाऊन हक्कांची यादी वाचण्याऐवजी समोरच्याला त्याच्याच लग्नाबद्दल विचारायला लागले, निवांत थांबून ऐकायला लागले. २०१२ ला त्याच राज्याने होकार दिला. मागणी तसूभर बदलली नव्हती, बोलणं मात्र समोरच्याच्या मनातल्या जागेवरून सुरू झालं होतं.

चिलीतही १९८८ ला हुकूमशहा पिनोशेला सत्तेत आणखी आठ वर्षं द्यायची का यावर मतदान झालं तेव्हा विरोधकांना टीव्हीवर रोज रात्री पंधरा मिनिटं मिळायची. छळाच्या आणि बेपत्ता माणसांच्या गोष्टी त्यांनी दाखवल्याच, पण प्रचाराचा मुख्य सूर ठेवला आनंदाचा, इंद्रधनुष्याचं चिन्ह घेतलं. घाबरलेल्या माणसाला आणखी घाबरवून तो घराबाहेर पडत नाही, हे त्यांना कळलं असावं. साधारण ५६ टक्के लोक 'नाही' म्हणाले.

आणखी एक चूक आमच्या पक्षाने रोज केली. समोरच्यांनी आरोप केला की आम्ही पत्रक काढायचो, "आम्ही अमुकविरोधी नाही". जॉर्ज लेकॉफ नावाचे भाषाशास्त्रज्ञ सांगतात की नाकारण्यासाठी का होईना, तो शब्द उच्चारला की त्याच्यामागचं चित्र ऐकणाऱ्याच्या डोक्यात उभं राहतंच. म्हणजे त्यांचा प्रचार आम्हीच आमच्या खर्चाने करत होतो.

पण हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, चला, एखादी एजन्सी नेमू आणि छान शब्द लिहून घेऊ, तर त्याचंही काय होतं ते मी पाहिलंय. दुसऱ्या निवडणुकीत आमचं पत्रक एकाच पानाचं होतं, वर मोठ्या अक्षरात 'प्रामाणिकपणा आणि निष्ठा', वाचून मलाच भरून आलं होतं. तिकीट मिळालं ते आठवड्यापूर्वी दुसऱ्या पक्षातून आलेल्या माणसाला. तिसऱ्याच घरात एका तरुण मुलीने पत्रकावरच्या निष्ठा या शब्दावर बोट ठेवलं आणि नुसतं माझ्याकडे बघितलं, काही बोलली नाही. त्या दिवशी मी उरलेली पत्रकं वाटली नाहीत, घरी आणली, अजून आहेत कपाटात.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. पुढच्या वेळी जाहीरनाम्यांचा तक्ता छापाल तेव्हा त्यात एक रकाना वाढवा. प्रत्येक पक्षाला विचारा, मतं जात होती किंवा सत्ता जात होती तरी तुम्ही कुठल्या गोष्टीवरून हटला नाहीत, तारखेसकट सांगा. ज्याचा रकाना रिकामा येईल त्याचा रिकामाच छापा.

आपला,
एक नियमित वाचक