घंटी चालू ठेव, मला मात्र वगळ

सातारा,
रविवार, दुपार

चि. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू तुझ्या दम्याच्या पंपाच्या, म्हणजे इनहेलरच्या, त्या नव्या टोपीबद्दल सांगितलंस, तेव्हा मी नुसतं "बरं, बरं" म्हणालो. फोनवर मला सुचत नाही, तुला माहीतच आहे. पंप दाबला की टोपी वेळ टिपते, ब्लूटूथने मोबाइलला कळवते, डोस राहिला तर घंटी वाजवते. इथवर छानच. पण पुढे म्हणालीस, "अण्णा, तुमचा नंबरही जोडते, म्हणजे मी घेतला की नाही ते तुम्हाला साताऱ्यात बसून दिसेल." ते नको गं.

तू सहावीत होतीस. महिना संपला की रिकामा पंप डॉक्टरांना दाखवायचा, असा शिरस्ता होता. आदल्या रात्री न्हाणीघरातून फुस्स, फुस्स असा आवाज यायला लागला. मी दाराबाहेर उभा. बावीसपर्यंत मोजलं आणि सोडून दिलं. तू बाहेर आलीस ती पंप पाठीमागे लपवून. मी काही बोललो नाही. चेकर गाडीत चढला की सगळे कसे एकदम शहाणे होतात, हे जन्मभर एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाला कोणी सांगायचं?

तुझ्या फोननंतर पुतण्याला शेजारी बसवून मी या विषयावरचं बरंच वाचून घेतलं. अमेरिकेतल्या फुप्फुसांच्या एका मोठ्या अभ्यासात काही जणांच्या इनहेलरला वेळ टिपणारं यंत्र बसवलं होतं, पण ते वेळ टिपतं हे त्यांना सांगितलं नव्हतं. त्यांतल्या सुमारे 30 टक्के लोकांनी तीन तासांच्या आत शंभरावर फवारे उडवलेले निघाले. तुझे बावीस म्हणजे काहीच नाहीत!

दुसरी गोष्ट न्यूझीलंडमधल्या ऑकलंडची, 2015 साली छापून आलेली. दम्याचा झटका येऊन दवाखान्यात आलेली 6 ते 15 वर्षांची 220 मुलं. यंत्र सगळ्यांच्याच पंपाला, नोंद सगळ्यांचीच, घंटी मात्र निम्म्यांचीच चालू. सहा महिन्यांत घंटीवाल्या मुलांनी साधारण 84 टक्के डोस घेतले, बाकीच्यांनी 30. नोंद काही कुणाला औषध घ्यायला लावत नाही, बघ. काम केलं ते घंटीनं.

खरं तर न्हाणीघराबाहेर तुझ्यावर रागवायचा मला हक्कच नव्हता. तू दुसरीत असताना "पंपाची सवय लागते" असं कुणीतरी माझ्या कानात घातलं. मी तुझा रोजचा पंप बंद केला आणि कोजागिरीला तुला रात्रभर जागवून चांदण्यातली औषधाची खीर खाऊ घातली. पुढचे दहा-बारा दिवस तू ठणठणीत. मी गल्लीभर सांगत सुटलो. मग आलं लक्ष्मीपूजन. फटाक्यांच्या धुरात तुझ्या छातीत शिट्टी वाजायला लागली, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. "अण्णा" म्हणालीस, मग श्वास, मग "खिडकी", पुन्हा श्वास. वाक्य पुरं होईना.

त्या रात्री तुझ्या तोंडावर नेब्युलायझरचा मास्क धरून बसलो होतो, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावलं. रोजचा पंप श्वासनळीच्या आतली सूज उतरवतो. तो बंद केला तर त्याच दिवशी काही कळत नाही, सूज हळूहळू चढत जाते. म्हणून तर माणूस तो विसरतो. धाप लागल्यावर घ्यायचा पंप कधी कुणी विसरलंय?

आमच्याकडे तिकिटांचा ट्रे जाऊन मशीन आलं, तेव्हा वेबिलाचा, म्हणजे फेरीच्या तिकीट-नोंदीचा, हिशोब सोपा झाला. पण मशीनला तिकीट निघाल्याचं कळतं, माणूस गाडीत चढला की नाही ते नाही. तुझी टोपीही दाबणं मोजते. औषध छातीत उतरलं की जिभेवरच राहिलं, ते तुझं तुलाच बघायचंय. ओठ घट्ट, सावकाश ओढ, दहा मोजेपर्यंत धर, मग चूळ. घंटी दात घासायच्या वेळेला लाव, चूळ आपोआप होईल.

नोंद डॉक्टरांना जरूर दाखव, न लपवता. औषध कमी पडतंय की घेतलंच जात नाहीये, हे त्यांना नाहीतर कसं कळणार? उगाच डोस वाढवून बसतील. मला मात्र दाखवू नकोस. मला आकडे दिसायला लागले की मी रात्री सव्वादहाला फोन करणार, आणि तू पुन्हा न्हाणीघर गाठणार.

तुझा स्पेसर, पंपाला लावायची ती नळी, इथेच राहिला होता. साबणाच्या पाण्यातून काढून, न पुसता वाळवला आहे. आईने मेतकूट दळलंय, त्याच पिशवीत घातला आहे. बुधवारी सकाळच्या पुणे गाडीने पाठवतो, स्वारगेटला उतरवून घे.

तुझे,
अण्णा