ओहोळ आटला तरी

प्रिय सुनंदा,
प्रभू येशूच्या नावात सलाम.

भाऊजींची कंपनी बंद पडल्याचं तू फोनवर सांगितलंस, तेव्हा मला धड बोलता आलं नाही. म्हणून लिहायला बसले. फ्लॅटचा हप्ता, लेकीच्या नर्सिंगची फी, सासूबाईंची औषधं. यातलं काहीच लहान नाही. ‘देव पाहून घेईल’ म्हणून मी तुला गप्प करणार नाही.

तू विचारलंस, इतकी वर्षं देवाने चालवलं, मग आता हात का काढून घेतला? तेव्हापासून माझ्या मनात बायबलमधला संदेष्टा एलीया घोळतोय. देवानेच त्याला करीथ ओहोळापाशी पाठवलं, कावळ्यांकरवी सकाळ-संध्याकाळ खायला दिलं. आणि मग तोच ओहोळ आटला. एलीयाचं काही चुकलं म्हणून नव्हे, पाऊसच नव्हता. रोज पाणी खाली जाताना, दगड उघडे पडताना तो बघत असेल गं! पुढे कुठे जायचं ते त्याला पाणी आटल्यावर कळलं, आधी नाही. आणि जायचं कुठे, तर सीदोनातल्या सारफथला, ईजबेल राणीच्या माहेरच्या मुलखात. तेही मडक्यात मूठभर पीठ आणि थोडंसं तेल उरलेल्या एका विधवेच्या दारी. पुढे पाऊस येईपर्यंत ती, तिचं घर आणि एलीया त्याच मडक्यावर जगले. घरात पोती येऊन पडली असं कुठेही लिहिलेलं नाही. मडक्यातलं पीठ सरलं नाही, एवढंच.

हे गेले तेव्हा मिशनच्या आवारातली खोली आम्ही सोडली, तू होतीसच सामान बांधायला. नव्या जागी पहिल्या संध्याकाळी शेजारच्या चाची भाताचं पातेलं घेऊन आल्या. पुढे त्यांनीच आपल्या मुलाच्या गॅरेजमधल्या पोरांचे डबे मला मिळवून दिले. चर्चच्या मंडळीनेही खूप केलं, पण आमचं घर उभं राहिलं ते त्या डब्यांवर. देव कुणाच्या हातून देईल ते आपण ठरवायचं नसतं, हे मी चाचींच्या दारात शिकले.

आणि खरं सांगू? त्याच सारफथच्या घरात, पीठ सरत नसताना, तिचा मुलगा दगावला. तिला तो परत मिळाला. मला हे परत मिळाले नाहीत. तो अध्याय वाचताना अजून माझा घसा दाटतो, आणि देवाला मी तसं बोलूनही दाखवते. पण आमचं पीठ सरलं नाही हेही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. ते कसं नाकारू?

आपण केडगावला शिबिराला गेलो होतो ना, त्या पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचंच बघ. रमाबाईंचे आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळातच गेली. त्याच बाईंनी 1896 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली-बायका आणल्या. अमेरिकेतल्या मदतनिसांनी बाईंच्या शारदा सदनासाठी, म्हणजे विधवांच्या शाळेसाठी, दहा वर्षांचा शब्द दिला होता. 1898 मध्ये ती मुदत भरत आली, आणि खाणारी तोंडं तर वाढलेली. बाई रोज देवाकडे मागत होत्या आणि रोज राबतही होत्या. केडगावच्या जमिनीत विहिरी खणल्या, शेती केली, मुलींच्या हाताला विणकामापासून छापखान्यापर्यंत काम दिलं. त्यांची प्रार्थना आणि त्यांचं राबणं मला कधी वेगळं काढता आलं नाही. भाऊजींनी अर्ज लिहायला बसणं हाही विश्वासच आहे.

म्हणून आता कामाचं. ग्रॅच्युइटीचा अर्ज आणि अनुभवाचा दाखला कंपनीकडून लगेच मागून घ्या, ऑफिसला कुलूप लागलं की कागद मिळता मिळत नाहीत. पीएफ सगळा एकदम काढू नका. हप्ता चुकायची वाट न बघता बँकेत जाऊन भेटा, मुदत वाढवून मिळते का विचारा. फीचे हप्ते करून द्यावेत असा अर्ज लेकीने स्वतः लिहावा. भाऊजींनी इतकी वर्षं लेथवर काढलीत. आमच्या मंडळीतल्या एकांचं वर्कशॉप आहे, त्यांच्याशी मी बोलले आहे. पगार कमी असेल, पण ‘या, भेटू’ म्हणालेत.

रविवारी उपासना सुटली की मी तुमच्याकडेच येते. जेवण घेऊन येईन, तू स्वयंपाकाला लागू नकोस. बँकेची कागदपत्रं काढून ठेव, आणि भाऊजींना म्हणावं, दाढी करून तयार राहा, वर्कशॉपवाले तिथेच जवळ राहतात.

तुझी,
मंगल