पोस्टरवरचा हात सावळा आणि तोंड गोरं कसं?

संपादक साहेब,
स. न.

दिवाळी महिन्यावर आली. आता तुमच्या पेपरात, गणपत गल्लीत, खडे बाजारात सगळीकडे उटणं, साबण, क्रीमच्या जाहिराती लागतील, म्हणून आत्ताच लिहितेय, छापून झाल्यावर लिहून काही उपयोग नसतो. मी बेळगावात, वडगावला राहते आणि जाहिरातीची चित्रं काढते. बोर्ड, पुस्तकांची कव्हरं, शाळेच्या भिंती, पोस्टर, जे येईल ते. बावीस वर्षं झाली.

गेल्या वर्षी खानापूर तालुक्यातल्या एका महिला बचत गटाचं काम आलं होतं. उटण्याचं पोस्टर, 18 बाय 23 इंच, आर्ट पेपरवर, पाचशे कॉपी, दुकानांत लावायला. वर कन्नड, खाली मराठी. आपल्या भागात असंच करावं लागतं आणि म्हणूनच असल्या कामाला मला फोटोपेक्षा चित्र बरं वाटतं, कारण नंदगडच्या बाजारात पिशवी घेऊन उभी राहिलेली बाई कन्नड वाचणारी असेल, मराठी वाचणारी असेल, नाहीतर दोन्ही न वाचणारी असेल, चित्र मात्र तिला लांबूनच कळतं. शिवाय मॉडेल आणि फोटोग्राफरचे पैसे गटानं आणायचे कुठून.

पहिल्या दिवशी त्यांनी मला मोबाईलवर एक जाहिरात दाखवली. दुधासारखी बाई, नाकावर एक छिद्र दिसत नाही, मागे निळं पाणी. "असली काढा की ताई, जरा भारी दिसंल." मी म्हटलं आधी तुमचं उटणं दाखवा, कसं करताय ते बघू दे, मग ठरवू. आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं गेले आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसले. वाळा, नागरमोथा, गव्हला, कचोरा, आंबेहळद, संत्र्याची वाळवलेली साल, गुलाबाच्या पाकळ्या, सगळं दळून आणलेलं आणि एक बाई बारीक वस्त्रातून गाळत होती. कोपरापर्यंत हात पिवळे. दारातून उजेड येत होता तो तिच्या गालावर आणि मनगटावर पडला होता, हिरव्या बांगड्या वर सारलेल्या, त्यांच्या कडेला पिठाची रेघ. मी तिथंच पेन्सिल काढली. पोस्टरची बाई तीच, वेगळी शोधायची गरजच नव्हती. तिला विचारलं, चालेल का, तर लाजली, पण हो म्हणाली.

आता रंगाचं सांगते, कारण सगळं प्रकरण तिथंच आहे. सावळी कातडी रंगवायची म्हणजे गुलाबी रंगात काळा मिसळायचा असं खूप जणांना वाटतं. काळा घातला की चेहरा मेल्यासारखा राखाडी होतो. मी यलो ओकर म्हणजे मातकट पिवळा आणि बर्न्ट सिएना म्हणजे तांबूस तपकिरी घेते, सावलीत थोडा अल्ट्रामरीन निळा आणि किंचित लाल, काळ्याची ट्यूब उघडतच नाही. आणि उजेडाचं बघा, सावळ्या गालावर उजेड पडला की तो लखकन उठून दिसतो, कपाळाला आकाशाचा निळसरपणा येतो, नाकाच्या शेंड्यावर एक बारीक ठिपका, तो चुकला की चेहरा बसलाच. गोऱ्या कातडीवर तो उजेड पसरून जातो, इथं तो उठतो. मला तरी चित्र काढायला सावळी कातडीच जास्त भरलेली वाटते. त्या एका गालाला मी दीड दिवस घेतला. गटातल्या बायकांनी बघितलं आणि एक म्हणाली, "आगं ही तर आमच्या वैनी, अगदी तश्शीच दिसालीय." त्या मोबाईलवरच्या बाईचं नाव मग कुणी काढलं नाही.

मजकूर पण साधा ठेवला होता. अंगाचा तेलकटपणा जातो, मळ निघतो, वास छान येतो. उटणं एवढंच करतं आणि ते काय थोडं आहे का.

फाईल दिली, पैसे मिळाले, माझं काम संपलं असं समजून मी बसले. पंधरा दिवसांनी गणपत गल्लीत पणत्या घ्यायला गेले तर एका दुकानाच्या शटरवर पोस्टर. चित्र माझंच होतं, पण बाई गोरी. लांबून वाटलं उन्हानं तसं दिसतंय, जवळ गेले तर चेहऱ्यावरचा सायन आणि ब्लॅक, म्हणजे छपाईतला निळा आणि काळा, पार उडवलेला, गाल पिठासारखे, नाकावरचा ठिपका गायब, डोळ्याखालची सावली गायब. आणि ज्यानं हे केलं त्यानं फक्त चेहराच सिलेक्ट केला होता. मान अर्धी गोरी अर्धी सावळी, हनुवटीखाली कात्रीनं कापल्यासारखी रेघ, आणि हात तसाच, माझा रंगवलेला, सावळा, हळदीचा. वर कोपऱ्यात एक पिवळा तारा आणि त्यात लाल अक्षरात "7 दिवसांत गोरी कांती".

विचारपूस केली तर कळलं, माल उचलणाऱ्या होलसेलवाल्यानं परस्पर सांगितलं आणि डीटीपी करणाऱ्या, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवणाऱ्या पोरानं केलं. मला कुणी विचारलं नाही, गटाला पण नाही. होलसेलवाल्याशी मी बोलले, माणूस वाईट नाही, म्हणाला ताई चित्र चांगलं होतं पण गोरं असल्याशिवाय माल उठत नाही, गिऱ्हाईकच तसलं. त्याच्या समोर बिलिंगला त्याची स्वतःची मुलगी बसली होती, चांगली सावळी, ती खाली मान घालून बिलं करत होती. माझ्या तोंडून पुढं शब्द निघाला नाही.

ज्या बाईचं चित्र होतं तिनं ते पोस्टर खानापूर स्टँडजवळ बघितलं. मला फोन केला आणि म्हणाली, "हात माझाच हाय की ताई. तोंड कुणाचं घातलंय?" रागानं नाही म्हणाली, खरंच विचारत होती. मी काय सांगणार.

साहेब, हे एका पोस्टरचं नाही. 1975 साली फेअर अँड लव्हली बाजारात आली, 2020 ला तिचं नाव बदलून ग्लो अँड लव्हली केलं. पेटीवरचं नाव बदललं तरी दुकानात अजून लोक जुन्याच नावानं मागतात. जाहिरात क्षेत्राच्या अ‍ॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिलनं तर 2014 लाच सांगून ठेवलंय की सावळ्या माणसाला कुरूप, दुःखी, मागं पडलेला असं दाखवून गोरं करायच्या वस्तू विकू नका. आता जाहिरातवाले "उजळ", "ग्लो", "निखार" म्हणतात आणि चित्रात बाई तीच दाखवतात. माझ्या मते चित्राचंच वचन मोठं असतं. अक्षरं कोण वाचतं, चेहरा सगळे बघतात.

आणि त्या वचनापायी माणसं काय काय चोपडतात. 2023 मध्ये केरळात मलप्पुरम जिल्ह्यात किडनी बिघडलेले पेशंट एकामागोमाग आले आणि डॉक्टरांनी शोधल्यावर गोरं होण्याच्या क्रीमपर्यंत धागा गेला, त्यात पारा निघाला. आपल्याकडं तर मेडिकलमधून स्टिरॉइडच्या ट्यूबा बिनचिठ्ठीच्या आणून महिनोन्महिने तोंडाला लावणाऱ्या मुली माझ्या ओळखीत आहेत, कातडी पातळ होऊन लाल पडते, ऊन सोसत नाही, मग पुन्हा तीच ट्यूब. बचत गटाच्या उटण्यात पारा नाही की स्टिरॉइड नाही, मग त्यांच्या पोस्टरवर ती खोटी हमी कशाला? वर दंडाचं वेगळंच. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात खोट्या जाहिरातीला उत्पादकाला 10 लाखांपर्यंत दंड आहे, आणि त्या पिवळ्या ताऱ्याखाली नाव-पत्ता गटाचा होता, होलसेलवाल्याचा नाही.

माल उठत नाही म्हणतात ना, तर आपल्याच राज्याचं उदाहरण घ्या. 1916 ला बेंगळुरूत चंदनाच्या साबणाचा सरकारी कारखाना निघाला, तो म्हैसूर सँडल. त्याच्या चिन्हात शरभ आहे, डोकं हत्तीचं, अंग सिंहाचं. शंभर वर्षं लोक तो साबण चंदनाच्या वासावर आणि त्या शरभावर विकत घेतायत.

बेळगावला चित्रकारांची कमी नाही, कधीच नव्हती. के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली इथं किती जण तयार झाले, रवी परांजपे त्यातलेच, 1935 साली इथंच जन्मलेले, आणि पुढं जाहिरातीच्या चित्रांतच त्यांनी केवढं नाव केलं. जाहिरातीचं चित्र हे हलकं काम नाही हे मी लहानपणापासून या गावातच शिकले. म्हणून कुणीतरी माऊसनं दोन मिनिटांत गाल पुसून टाकतो तेव्हा जास्त लागतं. आता तर मोबाईलवर एआयला सांगून पण पोस्टर करतात. मी स्वतः करून बघितलं, "खानापूरची शेतकरी बाई" म्हटलं तरी आधी गोरीपान, काजळ घातलेली, प्लास्टिकसारखी कातडी असलेलीच बाई आली, तीन-चार वेळा सांगावं लागलं.

तर माझं मागणं एवढंच. प्रेसवाल्यांनी आणि डीटीपीच्या पोरांनी चित्रात हात घालायच्या आधी काढणाऱ्याला एक फोन करावा. दुकानदारांनी उटणं, साबण काय करतो ते लिहावं, काय करत नाही ते लिहू नये. आणि तुमच्या दिवाळी पुरवणीच्या जाहिराती घेताना "इतक्या दिवसांत गोरेपणा" असली ओळ आली तर ती परत पाठवा, पेपरवर लोकांचा विश्वास आहे, पेपरात आलंय म्हणजे खरं असणार असं अजून आमच्या गल्लीतल्या आज्जी म्हणतात.

गटानं यंदा पुन्हा मलाच सांगितलंय. होलसेलवाल्याला न विचारता स्वतःच्या पैशानं तीनशेच छापतायत. परवा प्रूफ बघायला त्या बाईला घेऊन प्रेसमध्ये गेले होते, तिनं कागदावर स्वतःचा हात ठेवला, मग चेहऱ्यावर ठेवला, आणि ऑपरेटरला म्हणाली, "आता असंच सोडा, काय करू नका."

आपली वाचक,
एक चित्रकार, वडगाव, बेळगाव