खरं बोलणाऱ्याचा जबाब

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत अंतराळवीरांना दिसलेल्या उडत्या तबकड्यांवर लेख आला, मग त्यावर वाचकांची पत्रं आली. बहुतेकांचं म्हणणं एकच: एवढी पारखून घेतलेली माणसं खोटं कशाला बोलतील? मी बावीस वर्षं गावचा पोलीस पाटील होतो. खोटं बोलणारा साक्षीदार सोपा असतो, तिसऱ्यांदा विचारलं की गडबडतो. डोकं खातो तो खरं बोलणारा.

एका उन्हाळ्यात पहाटे मोहफुलं वेचायला गेलेला आमच्या गावचा एकजण धापा टाकत माझ्या ओसरीवर आला. "पाटील, ढान्या वाघ! मी माह्या डोऱ्यानं पाह्यलो." माणूस असा की पाच रुपये सापडले तरी मालक शोधत फिरेल. वाघ किती लांब होता? तर शंभर पावलं, बोडीच्या म्हणजे लहान तळ्याच्या पाळीवर. वनरक्षकाला घेऊन गेलो. त्याला त्याच्या मोहाखाली उभं केलं आणि पावलं मोजत निघालो. पस्तिसाव्या पावलाला पाळ आली. ओल्या मातीत पाय उमटले होते रानमांजराचे. अंतर तिप्पट धरलं की जनावरही तिप्पट होतं, हा साधा हिशेब. तो खोटं बोलला नव्हता. त्याने पाहिलं ते खरं, पण 'किती लांब' हे त्याने पाहिलं नव्हतं, धरून घेतलं होतं.

इथे निदान मोह होता, पाळ होती. वर काय आहे? ना झाड, ना धुरा, ना दूरचं धूसर करणारी हवा. खिडकीबाहेर हातभर अंतरावर तरंगणारा बर्फाचा कण आणि कोसभर लांबचं यान, दोन्ही काळ्या आभाळात सारखेच चमकतात. २० फेब्रुवारी १९६२ रोजी जॉन ग्लेन पृथ्वीला फेऱ्या मारत होते. सूर्य उगवताना यानाभोवती हजारो काजवे चमकताना दिसल्याचं त्यांनी सांगितलं. त्याच वर्षी मे महिन्यात स्कॉट कार्पेंटर गेले. त्यांनाही ते दिसले. त्यांनी यानाच्या भिंतीवर आतून हाताने ठोकलं, तर बाहेर काजव्यांचा लोटच उडाला. यानावर जमलेलं हिव होतं ते. दवाने भिजलेल्या टिनाच्या छपरावर काठी मारावी, तसं. मला हा माणूस फार आवडला. याला म्हणतात पंचनामा.

बाकीच्या जबान्याही एकेक करून पाहा. १९६५ च्या डिसेंबरात जेमिनी ७ या यानातून फ्रँक बोर्मन यांनी 'बोगी' दिसल्याचं कळवलं. वैमानिकांच्या भाषेत बोगी म्हणजे ओळख न पटलेली वस्तू, परग्रहावरची नव्हे. बोर्मन यांनी पुढे स्वतःच सांगितलं की ती तबकडी नव्हती. अपोलो ११ च्या वाटेवर बझ ऑल्ड्रिन आणि त्यांच्या सोबत्यांना सोबत चाललेलं काहीतरी दिसलं. त्यांनी रेडिओवर एवढंच विचारलं की आमच्या रॉकेटचा शेवटचा टप्पा आता कुठे आहे. उत्तर आलं, सहा हजार सागरी मैल लांब. मग दिसलं ते बहुधा चांद्रयानावरच्या वेष्टणाच्या चार फळ्यांपैकी एखादी फळी असावी, असं ऑल्ड्रिन पुढे म्हणत आले. आपल्या लेखात गॉर्डन कूपर यांचं नाव होतं. त्यांचे दावे विमान चालवतानाच्या दिवसांतले आहेत. अंतराळात काही दिसलं का, याला त्यांचं उत्तर 'नाही' होतं. अपोलो १४ चे एडगर मिचेल परग्रहवासीयांबद्दल ठामपणे बोलत, पण स्वतः तबकडी पाहिली नाही हेही सांगत. त्याला आम्ही ऐकीव जबाब म्हणतो. तो टिपून घ्यायचा, त्यावर कुणाला बोलावणं धाडायचं नाही.

आता आमच्या आभाळाचं सांगतो. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा. गुढी उतरवून, जेवणं आटोपत आली होती. पावणेआठच्या सुमारास आभाळातून जळत्या गोळ्यांची रांग सरकत गेली. "इमान जरते वो!" म्हणून अख्खी गल्ली बाहेर. पाऊण तासात मला तीन गावांहून फोन आले आणि तिघांनीही सांगितलं की ते आमच्याच बोडीच्या पल्याड पडलं. तिकडे नागपूर, अकोला, जळगावच्या लोकांनीही तेच पाहिलं होतं. म्हणजे प्रकार कितीतरी उंचावर चाललेला, आणि प्रत्येकाला तो आपल्या शेतावर वाटलेला. यात कुणीच लबाड नव्हतं.

मात्र आमच्याच तालुक्यात लाडबोरीला खरंच एक धातूची कडी पडली होती, सुमारे तीन मीटर व्यासाची, चाळीसेक किलोची. आसपास गोळेही सापडले. दुसऱ्या दिवशी मी तिथे गेलो. गर्दीतून हात घालून कडीवर बोट फिरवलं, बोट काळं झालं. आधी कुणी म्हणालं, त्याच दिवशी न्यूझीलंडहून उडालेल्या रॉकेटचा तुकडा. नंतर कक्षेचा हिशेब जुळला तो २०२१ च्या फेब्रुवारीत उडालेल्या चिनी 'लाँग मार्च ३ बी'च्या तिसऱ्या टप्प्याशी. जाणत्यांचाही पहिला अंदाज बदलला, त्यात कमीपणा नाही. वस्तू हातात होती म्हणून बदलता आला.

नासाच्या अभ्यासगटाने २०२३ मध्ये अहवाल दिला, त्यात आभाळात दिसलेल्या अनोळखी गोष्टींमागे परग्रहवासी असल्याचा पुरावा मिळाला नाही असं म्हटलंय. त्या गटात स्कॉट केली होते, अंतराळ स्थानकात सलग अकरा महिने राहिलेले. त्यांनी भर बैठकीत आपलाच किस्सा सांगितला. लढाऊ विमानात मागे बसलेला सोबती तबकडी दिसली म्हणून अडून बसला. विमान वळवून पाहायला गेले, तर कार्टूनमधल्या बार्ट सिम्पसनचा फुगा!

राहिले जेम्स मॅकडिव्हिट. जून १९६५, जेमिनी ४. सोबती एड व्हाइट झोपलेले. खिडकीबाहेर नळकांड्यासारखं काहीतरी, त्याला दांड्यासारखं एक टोक. कॅमेरा घेऊन घाईत फोटो काढले, तेवढ्यात ऊन खिडकीवर आलं आणि वस्तू दिसेनाशी झाली. कुणी म्हणतं ते त्यांच्याच टायटन रॉकेटचा टप्पा होता. मॅकडिव्हिट यांना ते पटलं नाही, पण त्याला परग्रहाचं यान म्हणायलाही ते कधी तयार झाले नाहीत. आमच्या रजिस्टरात अशी नोंद असते: 'अनोळखी'. पुढचा रकाना कोराच. बेवारस प्रेताला कुणी अंदाजाने नाव देत नाही.

संपादक महोदय, लेखासोबत आपण मॅकडिव्हिट यांचा म्हणून शेपटीवाल्या गोळ्याचा फोटो छापलात. तो प्रकाश खिडकीवरच्या बोल्टचा परावर्तित झालेला आहे, मी पाहिलेली वस्तू ती नव्हेच, असं त्यांनी स्वतः सांगितलं होतं. पुढच्या रविवारी तेवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक माजी पोलीस पाटील
ता. सिंदेवाही, जि. चंद्रपूर