टिकटिक

नाशिक, 9 मे

चि. सोहम,
अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगायचं तर बाबा मधे मधे बोलतात, म्हणून लिहितेय.

दिवाळीत तू आरशामागे तो कॅमेरा चिकटवून गेलास तेव्हा मी म्हटलं होतं, आता गाडीतही सासूबाई आल्या. काडेपेटीहून जरासा मोठा, पण त्याचा तोरा काय! पहिला महिनाभर एकच रडगाणं, 'मेमरी फुल'. तू तर म्हणाला होतास की तो तीन-तीन मिनिटांचे तुकडे करतो, जागा संपली की सगळ्यात जुना पुसून नवा लिहितो, तुला काही बघायला नको. मग फुल कसं होतं? शेवटी बाबा चष्मा लावून बसले तेव्हा कळलं. धक्का बसला की त्याला वाटतं अपघात झाला, मग तो तुकडा कुलपात ठेवतो आणि पुसतच नाही. पाथर्डी फाट्यापासून घरापर्यंत खड्डे किती, गतिरोधक किती! भाजीला जाऊन आले की माझे चार अपघात. आता धक्क्याचा सेन्सर 'लो'वर ठेवलाय आणि दर एक तारखेला, दूध-पेपरचा हिशेब झाला की, कार्ड फॉरमॅट करते, म्हणजे सगळं पुसून कोरं करते.

एप्रिलच्या उन्हात त्याची चिकटपट्टी सुटून तो पायाशी पडला होता. पुन्हा लावलाय. बॅटरीऐवजी कपॅसिटरवाला घेतलास ते बरं केलंस, नाहीतर आपल्या पार्किंगमधल्या उन्हात बॅटरी फुगलीच असती.

हे झालं किरकोळ. सांगायचंय ते वेगळंच.

मागच्या गुरुवारी कॅनडा कॉर्नरला मी डावीकडे वळत होते आणि बाजूने येणारा एक मुलगा स्कूटरसकट आपल्या मागच्या दारावर आदळला. पडला नाही, पण ब्रेकचा लिव्हर वाकला, आपल्या दाराला वीतभर ओरखडा. माणसं जमली. मुलगा म्हणाला, "काकू, तुम्ही इंडिकेटर दिला नाही." मी म्हटलं, "दिला होता. कॅमेरा आहे गाडीत, दाखवू?" कॅमेरा म्हटल्याबरोबर सगळे त्या मुलाकडेच बघायला लागले. तो गप्पच झाला. नंबर दिला आणि म्हणाला, दाराचं काय होईल ते सांगा, देतो. मी अगदी पानिपत जिंकल्यासारखी घरी आले.

तुला पाठवावी म्हणून क्लिप उघडली. चित्रात काहीच नाही. समोरचा रस्ता, एक रिक्षा, मग सगळं हललं आणि थांबलं. कॅमेरा पुढचंच बघतो, मुलगा त्यात कुठेच नाही. पण आवाज होता. वन्संच्या सुनेच्या डोहाळजेवणाला पानं किती उशिरा वाढली ते मी बाबांना तपशीलवार सांगत होते, बाबा 'हं, हं' करत होते, आणि मग धाडकन्. इंडिकेटर दिला की आपल्या गाडीत टिकटिक येते ना? लहानपणी तू उभ्या गाडीत ती लावून बसायचास आणि बॅटरी उतरवायचास. ती टिकटिक कुठेच नव्हती. तीनदा ऐकलं. बाबांनी मोबाइल कानाला लावला आणि म्हणाले, "ताईकडचं जेवण तेवढं ऐकू येतंय."

आणि मी तर शपथेवर सांगितलं असतं की दिला होता.

दुपारी डोळ्याला डोळा लागला नाही. संध्याकाळी त्या मुलाला फोन केला. त्याला वाटलं पैशांसाठीच केलाय. म्हणाला, "काकू, एक तारखेला पगार झाला की लगेच देतो." फार लाज वाटली रे. म्हटलं, चूक माझी होती, लिव्हर बदलून घे आणि बिल पाठव. 340 रुपये झाले, लगेच पाठवले. डावीकडून घुसायचं नसतं हेही ऐकवलं, त्याशिवाय राहवतं का मला! आपल्या दाराचा ओरखडा आहे तसाच ठेवलाय.

शेजारच्या वकीलकाकूंना क्लिप दाखवली. त्यांनी आधी तारीख बघितली. 1 जानेवारी 2020! मधे कधीतरी घड्याळ मूळपदावर गेलं आणि कोणाच्या लक्षात नाही. म्हणाल्या, उद्या खरंच कोर्टात द्यायची वेळ आली तर समोरचा वकील पहिलं बोट इथेच ठेवेल. शिवाय 2024 च्या जुलैपासून जो भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यातल्या कलम 63 प्रमाणे अशा क्लिपसोबत प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ कार्ड जपून ठेवायचं. नुसतं व्हॉट्सअ‍ॅपवर ढकलून भागत नाही. तारीख-वेळ मी नीट करून घेतलीय.

माइक बंद करून जा, आमचं घरचं बोलणं त्यात कशाला, असं दिवाळीत मीच तुला दोनदा बजावलं होतं. तू विसरलास. त्यावर तुला रागवावं की नाही ते अजून ठरत नाहीये. बाबा म्हणतात आता राहू दे चालू. हल्ली गाडीत ते 'हं'सुद्धा म्हणत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

येताना कार्ड आण, सतत रेकॉर्डिंगसाठी जे मिळतं तेच. साधं कार्ड रोज लिहून-पुसून लवकर झिजतं म्हणे. आणि रात्रीचा कसारा घाट चढू नकोस, उजेडात ये.

ती क्लिप अजून कुलपात आहे, पण फॉरमॅट केलं की कुलपातलंही जातं. एक तारखेच्या आत ती लॅपटॉपवर कशी उतरवायची ते मला फोनवर सांग. बाबांना नको, मला.

तुझी,
आई